ऑब्लेट

बेनेडिक्टाइन परंपरेतील एखाद्या मठाला वचनाने बांधली गेलेली, पण घरसंसार आणि कामधंदा न सोडणारी ख्रिस्ती व्यक्ती. ‘ओब्लातुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अर्पिलेला’. फ्रान्सिस्कन वा डोमिनिकन परंपरेतील तृतीय संघाचा (प्रापंचिकांच्या शाखेचा) सदस्य त्या संघाचा होतो; ऑब्लेट मात्र एका विशिष्ट मठाचा होतो. भगिनींच्या मठांना स्त्री-पुरुष दोन्ही ऑब्लेट असू शकतात. काही धर्मसंघांच्या नावातही ‘ऑब्लेट्स’ हा शब्द येतो, पण त्यांचे सदस्य व्रतबद्ध असतात. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

उगम : याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. संज्ञा जुनी आहे, हे निश्चित. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीच्या ५९ व्या प्रकरणात आईबापांनी मठाला दिलेल्या मुलांचा विधी सांगितला आहे. मूल लहान असल्यास आईबापांनी अर्ज लिहावा. तो अर्ज आणि मुलाचा हात, नैवेद्यासह, वेदीवरच्या वस्त्रात गुंडाळावा. मुलाच्या संमतीचा प्रश्नच नाही. टोलीडोच्या चौथ्या धर्मपरिषदेने (६३३) तर बापाची भक्ती किंवा स्वतःची प्रतिज्ञा, दोहोंपैकी काहीही मनुष्याला मठवासी करते, असे ठरवले. पुढे गॉटशाल्क या तरुणाने आपल्यावर लादलेले अर्पण नाकारले. माइन्त्सच्या धर्मसभेने (८२९) त्याला मोकळे केले, तेव्हा त्याचा मठाधिपती ह्राबानुस माउरुस याने बाल-अर्पणाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. मुलीही अशाच दिल्या जात. बिंगेनची हिल्डेगार्ड (जन्म १०९८) आठव्या वर्षी अर्पण झाली, असे परंपरा सांगते. डिझिबोडेनबर्ग येथील मठात यूट्टा या एकांतवासी साध्वीबरोबर ती बंदिस्त कोठडीत गेली ते मात्र १११२ मध्ये, म्हणजे सुमारे चौदाव्या वर्षी. दोन्ही विधाने खरी मानायची, तर मधली वर्षे तिने यूट्टाच्या सहवासात घालवली असावीत. बाराव्या शतकापासून ही प्रथा मागे पडत गेली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने (१५६३) मठप्रतिज्ञेसाठी सोळा वर्षे पूर्ण असण्याची अट घातल्यावर तिला आधारच उरला नाही.

आजचे गृहस्थ ऑब्लेट या मुलांचे वारस मानावेत का? जुन्या लेखनात तसे मानण्याकडे कल दिसतो. दुसरे मत त्यांचा उगम अकराव्या शतकातल्या प्रौढ, स्वेच्छेने आलेल्या प्रापंचिकांत शोधते. जर्मनीतील हिर्साउ मठाच्या परिसरात असे लोक मोठ्या संख्येने होते. कॉन्स्टन्सचा इतिवृत्तकार बेर्नोल्ड याने १०९१ च्या नोंदीत गृहस्थांबरोबरच लग्न नाकारून भक्तिजीवन पत्करणाऱ्या खेड्यांतील मुलींचाही उल्लेख केला आहे. काही मठांत असा माणूस देवळाच्या घंटेचा दोर गळ्यात घालून, डोक्यावर चार नाणी ठेवून स्वतःला वाहून घेई. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण आजचा ऑब्लेट स्वतः सही केलेले वचनपत्र स्वतःच्या हाताने वेदीवर ठेवतो, आणि ही कृती ५९ व्या नव्हे, तर प्रौढ उमेदवारासाठी असलेल्या ५८ व्या प्रकरणातली आहे. नाव मुलांचे घेतले, विधी मोठ्यांचा.

रोमची फ्रान्चेस्का : भगिनींच्या बाजूने या प्रथेला रूप दिले ते रोमच्या संत फ्रान्चेस्काने (१३८४–१४४०). बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न लोरेंझो पोन्झियानीशी झाले. १५ ऑगस्ट १४२५ रोजी तिने काही मैत्रिणींसह सांता मारिया नोव्हा या ऑलिव्हेटन (बेनेडिक्टाइनांची एक शाखा) मठाला स्वतःला अर्पण केले; सगळ्या आपापल्या घरीच राहत. २५ मार्च १४३३ रोजी कॅपिटोल टेकडीच्या पायथ्याशी तोर दे स्पेक्की येथे एकत्र राहणाऱ्या ऑब्लेटांचे घर सुरू झाले आणि त्याच वर्षी पोप यूजीन चौथा याने मान्यता दिली. फ्रान्चेस्का स्वतः तेथे राहायला गेली ती १४३६ मध्ये, पतीच्या निधनानंतर. तेथील भगिनी नेहमीच्या मठप्रतिज्ञेतील ‘प्रतिज्ञा करते’ या शब्दांऐवजी ‘अर्पण करते’ असे म्हणत. हा एक शब्द त्यांची वेगळी स्थिती नेमकी सांगतो. तिच्याविषयीची एक आख्यायिका ऑब्लेटांत विशेष प्रिय आहे. स्तोत्र म्हणताना एकाच ओळीवर तिला घरातून चार वेळा हाक आली. चारही वेळा ती पुस्तक मिटून उठली. परतली, तेव्हा ती ओळ सोन्याच्या अक्षरांत उमटली होती. हाकेला ओ देणे हा प्रार्थनेचा भंग नव्हे, हा या जीवनाचा गाभा त्या कथेइतका नेमका दुसरीकडे क्वचितच सापडतो. पोप पॉल पाचवा याने १६०८ मध्ये तिला संतपद दिले. ९ मार्च हा तिचा सण.

सतराव्या शतकात व्हेनिसची एलेना कोर्नारो पिस्कोपिया (१६४६–८४) हे नाव ठळक आहे. १६७८ मध्ये पादुआ विद्यापीठाची तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळवणारी ही विदुषी बेनेडिक्टाइन ऑब्लेट होती.

आधुनिक स्वरूप : एकोणिसाव्या शतकातील मठजीवनाच्या पुनरुज्जीवनाबरोबर गृहस्थ ऑब्लेटही वाढले. साधारणपणे वर्षभराच्या उमेदवारीनंतर अंतिम अर्पण होते. स्थैर्य, जीवनपरिवर्तन आणि आज्ञापालन यांचे वचन ‘आपल्या जीवनावस्थेला जमेल तसे’ दिले जाते. रोज प्रहरप्रार्थनेचा काही भाग आणि नियमावलीचा थोडा अंश वाचायचा, एवढी किमान अपेक्षा असते. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ६७७ वा नियम अशा सहयोगी संघटनांत आपल्या कुळाचा खरा भाव रुजवण्याची जबाबदारी धर्मसंघांवरच टाकतो. सेवाकार्य करणाऱ्या इतर भगिनी-संघांचे ‘असोसिएट’ (सहयोगी प्रापंचिक) हा मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रकार. त्यांच्यामागे बेनेडिक्टची नियमावली नसल्यामुळे दोहोंना एक समजू नये.

मराठी वाचकाला येथे वारकरी माळकऱ्याची आठवण होईल. प्रपंच न सोडता नेम पाळणे दोघांतही आहे. मात्र माळकरी पंढरीच्या वाटेने बांधलेला, तर ऑब्लेट एका मठाच्या उंबऱ्याशी.

भारतात बंगळूर येथे बेनेडिक्टाइन भगिनींचा शांतिनिलयम मठ आहे. गोव्यात मात्र प्रापंचिकांची जुनी ओळख फ्रान्सिस्कन तृतीय संघाशी आहे. गोवा वेल्हा येथे उपवासकाळात निघणारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक त्याच संघाशी जोडलेली आहे.