अहंकार

अहंकार : ‘मी’ आणि ‘माझे’ या जाणिवेभोवती उभी राहणारी, आणि आपण म्हणजे एवढेच असे धरून बसणारी मनाची वृत्ती. बोलीत तिला मीपणा म्हणतात. अहंकार म्हटले की ताठा, तोरा, शिष्टपणा डोळ्यांपुढे येतो. पण ते त्याचे एक रूप झाले. ‘माझ्याच्याने काहीच होत नाही’ असे दिवसभर घोकणाराही दिवसभर स्वतःकडेच बघत असतो.

सांख्य दर्शनात अहंकार हा दुर्गुण मानलेला नाही; २५ तत्त्वांपैकी ते एक तत्त्व आहे. प्रकृतीपासून, म्हणजे जगाच्या मूळ कारणापासून, बुद्धी, बुद्धीपासून अहंकार, आणि त्याच्यापासून मन, दहा इंद्रिये व पाच तन्मात्रे (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपे) असा क्रम तिथे लावला आहे. वेदान्तात मन, बुद्धी आणि चित्त यांच्या जोडीने तो अंतःकरणात मोडतो. योगसूत्रांतल्या पाच क्लेशांमध्ये, म्हणजे दुःखाच्या मुळांमध्ये, अविद्येच्या (अज्ञानाच्या) पाठोपाठ ‘अस्मिता’ येते. पाहणारा आणि पाहण्याचे साधन एकच वाटू लागणे, हा तिचा अर्थ. आज मराठीत तोच शब्द आपण छाती पुढे काढून उच्चारतो. शब्दाच्या अर्थात इतका पालट क्वचितच झाला असेल.

‘त्याचा इगो दुखावला’ या रोजच्या वाक्यातला ‘इगो’ मानसशास्त्रातून आला, पण येताना अर्थ बदलून आला. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मनाची त्रिविध रचना मांडताना जर्मन भाषेतला ‘मी’ हा साधा शब्द वापरला होता; इंग्रजी भाषांतरात त्याच्या जागी लॅटिन ‘इगो’ आला. त्यांचा इगो वासना, नीतीचा धाक आणि बाहेरचे जग यांचा मेळ घालतो. तो दुबळा पडला तर माणूस कोलमडतो. म्हणून आधीच खचलेल्या माणसाला ‘इगो सोड’ असे सांगणे धोक्याचे आहे.

खरेपणाने जगण्याशी अहंकाराचा संबंध ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये ‘खरा मी’ आणि ‘खोटा मी’ या भेदातून उलगडला. आईला मुलाच्या खुणा ओळखता आल्या नाहीत, की मूल तिच्या मर्जीप्रमाणे वागायला शिकते आणि एक आज्ञाधारक मुखवटा तयार होतो. थोडा मुखवटा सगळ्यांनाच लागतो. चारचौघांतला शिष्टाचार तोच. पण मुखवटाच चेहरा झाला, की बाहेरून यशस्वी दिसणाऱ्या माणसालाही आतून पोकळ वाटू लागते.

मराठी संतांची नजर याहून अवघड जागी गेली. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे, की अहंकाराची गोष्ट नवलाची आहे : अडाण्याच्या मागे तो फारसा लागत नाही, जाणत्याच्या मात्र गळ्याला झोंबतो. नामदेवांची आख्यायिका याचाच दाखला आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनी मडकी ठोकायचे थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले. बाकीचे गप्प बसले. विठ्ठलाचे लाडके नामदेव चिडले, आणि हे मडके कच्चे असल्याचा निवाडा झाला. नामदेव रडत देवाकडे गेले. देवानेही त्यांना गुरू करायला सांगितले. तेव्हा ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील असा, की नामदेवांची भक्ती खोटी नव्हती. ‘देव माझा’ यातला ‘माझा’ तेवढा कच्चा होता, आणि तो त्यांना स्वतःला दिसत नव्हता. थापटणे दुसऱ्याच्याच हाती असावे लागते.

मीपणा जाणे म्हणजे अंग चोरून जगणे, अशी समजूत फार पसरलेली आहे. ती जनाबाईंनी खोडून काढली आहे. नामदेवांच्या घरची ही दासी आपल्या अभंगात डोईचा पदर खांद्यावर आल्याचे सांगते आणि भरल्या बाजारातून जाईन म्हणते. लोक काय म्हणतील याचे ओझे उतरलेले आहे, म्हणून तिचा आवाज इतका मोकळा लागतो. विनिकॉट ज्याला खरा मी म्हणतात, तो मराठीत कुठे ऐकू येत असेल तर इथे.

वारकरी संप्रदायाने हा विचार रोजच्या आचारात आणला. दोन वारकरी भेटले की वय, जात, पैसा न पाहता एकमेकांच्या पाया पडतात आणि समोरच्याला ‘माउली’ म्हणतात. चंद्रभागेच्या वाळवंटातल्या खेळाचे वर्णन करताना तुकारामांनीही क्रोध आणि अभिमान पायदळी गेल्याचे सांगितले आहे. या आचारात दोघांनीही वाकायचे असते, हे महत्त्वाचे. एकानेच कायम वाकायचे असेल तर त्याला नम्रता म्हणता येत नाही. ती सक्ती झाली. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. भक्तांच्या पायांची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते. त्याच पायरीसमोर चोखामेळ्यांची समाधी आहे. नामदेवांनी पायरी निवडली होती. चोखोबांना मात्र मंदिराच्या आत पाऊल टाकू दिले गेले नव्हते.