'शून्य कोलेस्टेरॉल' आणि यकृताची दारे

इतवारीतल्या किराणा दुकानात परवा पामतेलाच्या पिशवीवर ठळक अक्षरांत 'शून्य कोलेस्टेरॉल' असे वाचले. विधान खरे आहे. पण त्यात पराक्रम कसला? कोलेस्टेरॉल प्रामुख्याने प्राण्यांच्या पेशी तयार करतात, त्यामुळे कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते. रोहिणीवाहिन्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे तेलातली मेदाम्ले (चरबीचे घटक असलेली आम्ले) कोणती. आणि पामतेलातली जवळपास निम्मी मेदाम्ले संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली असतात.

नागपुरात डिसेंबरातल्या सकाळी डब्यातले तूप चमच्याला दाद देत नाही, पण शेजारच्या बाटलीतले जवसाचे तेल खुशाल वाहत असते. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून दाटीने बसतात, तर असंपृक्त साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असल्याने त्या तशा बसू शकत नाहीत. मात्र 'तूप जसे डब्यात गोठते तसेच नसांत गोठते' ही समजूत चुकीची आहे. शरीराच्या ३७ अंश तापमानात, प्रथिनांच्या वेष्टणात वाहून नेली जाणारी चरबी अशी थिजत नाही. खरा परिणाम यकृतात होतो.

यकृताच्या पेशींवर एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण पकडणारे रिसेप्टर, म्हणजे एक प्रकारची दारे असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ती शोधली आणि १९८५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रिसेप्टर कणाला धरतो, पेशीचे आवरण तिथे आत वळून त्याची पिशवी होते, आत कण सुटतो आणि रिकामा रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. ही फेरी साधारण दहा मिनिटांची. ज्यांच्यात जन्मतःच निम्मीच दारे चालतात, त्यांचे एलडीएल बालपणापासून सुमारे दुप्पट असते आणि हृदयविकार ऐन तारुण्यातही गाठू शकतो. आहारात लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक ही संपृक्त मेदाम्ले वाढली की या दारांचे काम मंदावते. मग एलडीएल रक्तात अधिक काळ फिरत राहते, त्यातले काही कण रोहिणीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, तिथे त्यांचे ऑक्सिडीकरण होते, आणि ते गिळून फुगलेल्या भक्षक पेशींपासून रोहिणीतल्या चरबीच्या थराची सुरुवात होते. संपृक्ताच्या जागी लिनोलेइक हे असंपृक्त आम्ल आले, तर हीच दारे पुन्हा कामाला लागतात. (स्टिअरिक आम्ल संपृक्त असूनही एलडीएल फारसे वाढवत नाही, म्हणून सगळ्या संपृक्तांना एकाच मापाने मोजता येत नाही.)

अस्तराखाली असा रुजलेला थर लसूण-आल्याच्या काढ्याने 'धुऊन निघतो', असे सांगणारे संदेश दर आठवड्याला मोबाइलवर येतात. रोहिणी म्हणजे मोरीचा पाइप नव्हे.

करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के असते. जवसातले निम्म्याहून अधिक मेदाम्ल अल्फा-लिनोलेनिक असून त्याचे तीन दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन चटकन पकडतात. त्यामुळेच चित्रकारांच्या तैलरंगात हे तेल वाळून कडक होते आणि स्वयंपाकघरात लवकर खवट होते. वैदर्भीय घरांत जवस भाजून, कुटून, थोडीथोडीच चटणी करून ठेवतात ती याच कारणाने. अख्ख्या बियांत तेल हवेपासून झाकलेले असते.