बरं वाटणं मोजायचं कसं?

माझ्या मावशीला डॉक्टर दर महिन्याला एकच प्रश्न विचारायचे, ‘काय, कसं वाटतंय?’ मावशी पदर सावरून म्हणायची, ‘बरंय की.’ नैराश्यावरची गोळी तीच पुढे चालू राहायची. असे आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत ती पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहायची, हे त्या खोलीत कधी निघालंच नाही. मावशी खोटं बोलत नव्हती. चारचौघांत ‘बरं नाही’ म्हणायची सवयच तिला नव्हती, आणि डॉक्टरांचा वेळ खाऊ नये असंही तिला वाटायचं.

मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातही रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोप? भूक? थकवा? आपण कुचकामी आहोत असं वाटणं? प्रत्येकापुढे चार पर्याय: अजिबात नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना शून्य ते तीन गुण. मावशीची बेरीज १७ आली. कमाल २७ असते. १० किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायला हवं, १५ किंवा त्याहून जास्त म्हणजे आजार चांगलाच बळावलेला. ‘बरंय की’ आणि १७ यांच्यात केवढं अंतर आहे, ते आम्हा घरच्यांनाही त्या दिवशी कळलं.

या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोंके आणि जॅनेट विल्यम्स यांची ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. चिंतेसाठी तिचंच भावंड आहे, सात प्रश्नांचं जीएडी-७, २००६ सालचं. दोन्ही मोफत आहेत आणि भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. रक्तदाबाचा रुग्ण आला की पट्टा न गुंडाळता गोळी बदलायचं कोणाच्या मनात येत नाही. नैराश्याच्या उपचारात मात्र वर्षानुवर्षं नुसत्या अंदाजावर भागवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

अंदाज चुकायचं एक कारण नैराश्यातच आहे. मन खचलेलं असताना मागचं सगळंच काळं दिसतं. महिन्याभरात चार रात्री नीट झोप लागली असली, तरी त्या आठवत नाहीत. थोडं बरं वाटू लागलं की उलट होतं, आधी किती वाईट होतं तेच विसरायला होतं. कागदावरचा आकडा मात्र महिन्याभरापूर्वी जिथे होता तिथेच असतो.

नुसतं मोजल्याने फरक पडतो का? चीनमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली आले. दोन्ही गटांना औषधं तीच दोन. एका गटात डॉक्टर नेहमीच्या पद्धतीने डोस ठरवायचे, दुसऱ्यात ठरलेल्या वेळी गुण मोजून त्यावरून डोस वाढवायचा की नाही ते ठरायचं. चोवीस आठवड्यांनी मोजणाऱ्या गटातले सुमारे ७४ टक्के रुग्ण जवळपास लक्षणमुक्त झाले होते, दुसऱ्या गटातले सुमारे २९ टक्के. मोजणी नसली की अपुरा डोस तसाच चालू राहतो, मावशीचा राहिला तसाच.

पण गुण उतरले म्हणजे उपचार लागू पडला, असं लगेच म्हणता येत नाही. हे समजून घ्यायला गोव्यातलं उदाहरण बघण्यासारखं आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांना सहभागी करून घेतलं. सगळ्यांचा पीएचक्यू-९ चा आकडा १४ च्या वर. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, गावातलेच प्रशिक्षण दिलेले समुपदेशक होते. पद्धत साधी. मन उठत नसलं तरी रोजच्या दिवसात एकेक छोटी, अर्थ असलेली गोष्ट परत आणायची आणि तिने मनात काय फरक पडतो ते बघायचं. तीन महिन्यांनी मोजणी केली ती कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नसलेल्या माणसांनी, म्हणजे मापात आपुलकी मिसळायला नको. बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक १० च्या खाली आले होते.

आता दुसरा गट बघा. तिथेही ३९ टक्के खाली आले होते. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत, आणि त्यानंतर काहींचं आपोआपच हलकं होत जातं. तुलनेला हा गट नसता तर सगळं ६४ टक्क्यांचं श्रेय बैठकांच्या पदरात पडलं असतं. खरं श्रेय मधल्या २५ टक्क्यांचं आहे, आणि गावातल्याच प्रशिक्षित समुपदेशकांकडून एवढं होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा धोका गळतीचा. उपचार मध्येच सोडणाऱ्यांचा शेवटचा आकडा हाती येत नाही, आणि सोडणाऱ्यांत न सुधारलेले बरेच असतात. राहिलेल्यांचीच सरासरी काढली की निकाल फुगतो. इंग्लंडमध्ये २००८ पासूनच्या सरकारी मानसोपचार सेवेत म्हणूनच प्रत्येक बैठकीला मोजतात. माणूस कधीही यायचा थांबला तरी त्याचा ताजा आकडा हातात असतो.

प्रश्नही बेरजेला वाकवू शकतात. मॅक्स हॅमिल्टन यांच्या १९६० सालच्या नैराश्याच्या मोजपट्टीत झोपेचेच तीन प्रश्न आहेत, मिळून सहा गुणांचे. नुसती गाढ झोप आणणारी गोळीसुद्धा तिथे नैराश्यावरचं औषध म्हणून उजळून निघू शकते. चिंतेचं तर याहून अवघड. गर्दीची धास्ती असलेल्या माणसाने बसने जाणंच सोडलं की धडधड थांबते, गुण उतरतात, आणि त्याचं जग घरापुरतं उरतं. म्हणून लक्षणांबरोबर कामाचे बुडालेले दिवस, बाहेर जाणं, माणसांत मिसळणं हेही विचारावं लागतं.

एक प्रश्न तर बेरजेत मोजून पुढे जायचाच नाही. नववा, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. बाकी आठांना शून्य असलं आणि इथे ‘काही दिवस’ असलं, तरी त्याच वेळी थांबून त्या माणसाशी बोलायला हवं. रात्री-अपरात्री ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मार्क झिमरमन यांनी २००६ साली रुग्णांनाच विचारलं होतं, बरं झालो हे तुम्ही कशावरून ठरवाल? लक्षणं जाण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व लोकांनी उमेद आणि आत्मविश्वास परत येण्याला दिलं, आपण पूर्वीसारखे होण्याला दिलं.

मावशीलाही त्या डॉक्टरांनी हे विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘भिशीला जावंसं वाटलं तर.’ तिसऱ्या महिन्यात तिची बेरीज ९ आली. भिशीला ती अजून गेली नव्हती. डॉक्टरांनी गोळी बदलली नाही, पुढची तारीख दिली, आणि कागदाच्या पाठीमागे पेनने एवढंच लिहिलं: ‘भिशी – बाकी.’