सायकल संगणक, जीपीएस : खानदेशातील निवड

सायकलच्या हँडलवर बसणारे आणि उपग्रहांच्या संकेतांवरून वेग, अंतर, चढ व वाट दाखवणारे छोटे यंत्र. सायकलस्वार बोलताना त्याला ‘जीपीएस’ किंवा नुसते ‘मीटर’ म्हणतात. जुन्या मीटरसाठी पुढच्या चाकाच्या स्पोकवर चुंबक लावावे लागे आणि चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरावा लागे. ७०० × २५ मापाच्या टायरचा परीघ सुमारे २,१०५ मिमी. असतो. नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, त्यानंतर सायकलवर उपग्रहाचा वापर सोयीचा झाला. गार्मिन, वाहू, ब्रायटन, हॅमरहेड, आयजीपीस्पोर्ट या कंपन्यांची यंत्रे आज सर्रास दिसतात. साध्या यंत्राची किंमत पाच-सहा हजारांपासून सुरू होते आणि मोठ्या पडद्याच्या, नकाशे असलेल्या यंत्रांसाठी पन्नास हजारांच्या वर जाते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे म्हणजे खानदेश. मधोमध तापीचे सपाट खोरे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून सकाळी तीस-चाळीस किलोमीटर फिरून येणाऱ्याची गरज वेगळी आणि शहाद्याहून तोरणमाळला चढणाऱ्याची वेगळी. जाहिरातीतल्या सोयी मोजत बसण्याआधी आपली सायकल वर्षभर कोणत्या रस्त्यावर असते ते पाहावे. निम्मी निवड तिथेच होते.

ऊन : खानदेशात हा मुद्दा सगळ्यांत आधी येतो. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात फोनचा चकचकीत पडदा काळा दिसतो. पुढच्या वळणाची खूण बघायची तर हाताची सावली धरावी लागते आणि एका हाताने सायकल चालवावी लागते. बाहेरचा उजेड परतवून अक्षरे दाखवणारा पडदा मात्र ऊन वाढेल तसा जास्त स्वच्छ दिसतो आणि बॅटरीही कमी खातो. दुकानात ट्यूबलाइटखाली असा पडदा फिकट, जुनाट वाटतो. म्हणून यंत्र हातात घेऊन दुकानाबाहेर, रस्त्यावर यावे आणि तिथे बघावे. घामेजल्या बोटांना स्पर्शपडदा नीट दाद देत नाही, पावसाचे थेंब त्यावर आपोआप कळा दाबतात. बटणे असलेले यंत्र इथे उजवे. लिथियम-आयन बॅटरी सहसा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे सांगितले जाते. भर दुपारी पॉवर बँक लावून यंत्र चार्ज करणे म्हणजे तिचे आयुष्य घटवणे. उन्हात तापलेल्या काळ्या यंत्रावरचा तापमानाचा आकडाही खरा धरू नये. तो हवेचा नसतो, यंत्राच्या अंगाचा असतो.

वाट : वाट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत. स्वस्त यंत्रात आधी आखलेल्या मार्गाची नुसती रेघ उमटते, खाली नकाशा नसतो. महाग यंत्रात नकाशा यंत्रातच साठवलेला असतो, वळणाची सूचना मिळते आणि रस्ता चुकला तर नवा मार्ग काढला जातो. सातपुड्यात, विशेषतः धडगाव-अक्कलकुवा भागात, मोबाइलला रेंज नसलेले पट्टे मोठे आहेत. इंटरनेटवर विसंबलेला फोन तिथे गप्प होतो. उपग्रहाचा संकेत मात्र तिथेही मिळतो, कारण जीपीएसला मोबाइलच्या टॉवरची गरज नसते. मोकळ्या आकाशाखाली चार-पाच मीटरची चूक गृहीत धरावी. त्यामुळे चौपदरी महामार्गावर आपण उड्डाणपुलावर आहोत की बाजूच्या सर्व्हिस रोडवर, हे यंत्राला बरेचदा कळत नाही आणि ते ‘मार्ग चुकला’ म्हणून ओरडत राहते. चाळीसगाव-कन्नड घाटासारख्या ठिकाणी कड्यावर आपटून येणारे संकेत चूक वाढवतात. जीपीएस ही अमेरिकेची प्रणाली. तिच्याबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बेइदोऊ या इतर उपग्रह प्रणाल्या आणि दोन लहरपट्टे वापरणारे यंत्र तिथे कमी भरकटते.

बहुतेक यंत्रांतले नकाशे २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागाच्या प्रकल्पातून येतात. त्यावर शेतातली गाडवाट आणि डांबरी रस्ता वेगवेगळे नोंदलेले असतात, पण नोंद करणाऱ्याने ती नीट केली असेल तरच. अमळनेर-पारोळा पट्ट्यात जुलैमध्ये यंत्राने सुचवलेल्या ‘जवळच्या’ वाटेला लागावे, तर शंभर पावलांत काळी माती टायर आणि ब्रेकच्या मधे अशी भरते की चाक फिरायचेच थांबते. काडीने माती खरवडत बसलेल्या सायकलस्वाराला बांधावरचा शेतकरी सांगतो, ‘‘तठे रस्ता नही शे भाऊ.’’ त्या माणसाचे ऐकावे. मार्ग आखताना ‘फक्त पक्का रस्ता’ हा पर्याय निवडता येतो का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. पावसाळ्यात हीच सोय सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. गावाचे नाव टाकून मार्ग शोधतानाही जपावे. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव अशी नावे तालुक्यागणिक आहेत, त्यात बुद्रुक आणि खुर्द वेगळे. नावापेक्षा नकाशावर बोट ठेवून ठिकाण निवडणे बरे. देवनागरी अक्षरे सर्वच यंत्रांना दाखवता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

चढ : शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला जाताना सुमारे हजार मीटर उंची चढावी लागते आणि खरा घाट राणीपूरनंतर येतो. पुढे चढ किती उरला आहे आणि किती तीव्र आहे हे दाखवणारी सोय इथे पायांचा जीव वाचवते. पुढच्या दोन वळणांनंतर चढ उतरता होणार हे कळले की माणूस दम राखून चालवतो. मात्र बहुतेक यंत्रांत ही सोय मार्ग आधी भरलेला असेल तरच नीट चालते. नव्या काही यंत्रांना मार्ग न भरताही पुढचा चढ ओळखता येतो.

उंचीसाठी केवळ उपग्रहावर भिस्त ठेवणारे यंत्र घेऊ नये. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असलेलेच घ्यावे. साधारण ८ मीटर उंचीमागे दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, आणि हा बारीक फरक बॅरोमीटर टिपतो. पण हवामान बदलले तरी दाब बदलतो, म्हणून निघताना माहीत असलेली उंची यंत्रात भरावी लागते. त्यासाठी रेल्वे स्थानकाइतकी सोयीची जागा नाही. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या सुरत-भुसावळ मार्गावरच्या स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. स्थानकाबाहेर चहा घ्यावा, आकडा यंत्रात भरावा आणि निघावे. घामाने किंवा चिखलाने बॅरोमीटरचे बारीक छिद्र बुजले की सपाट रस्त्यावरही यंत्र डोंगर दाखवू लागते. घरी आल्यावर साध्या पाण्याने ते हलके धुवावे, टाचणी घालू नये.

सराव : सरावासाठी वेगाचा आकडा फसवा असतो, आणि खानदेशात तर जास्तच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नव्हेत. जूनमध्ये धुळ्याहून साक्रीकडे, म्हणजे पश्चिमेला, निघालेल्या सायकलस्वाराचा वेग वारा खातो आणि परतताना तोच वारा त्याला शूर बनवतो. दोन्ही वेळची मेहनत ताडायची तर हृदयाचे ठोके, पायडलचे फेरे आणि शक्य असल्यास वॅट, म्हणजे पायडलवर लागणारी शक्ती, मोजावेत. ठोके मोजणारा छातीचा पट्टा आणि वॅट मोजणारा पॉवर मीटर एएनटी प्लस या बिनतारी जोडणीने किंवा ब्लूटूथने यंत्राशी जोडले जातात. बरेच जुने सेन्सर फक्त एएनटी प्लसवर चालतात, त्यामुळे दोन्ही सोयी असलेले यंत्र घेतल्यास पुढे अडत नाही. तासभर टिकवता येईल अशा कमाल शक्तीला एफटीपी म्हणतात आणि सरावाचे टप्पे तिच्यावरून ठरतात. उन्हात तेवढ्याच वॅटला ठोके चढतात, कारण शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते. पॉवर मीटर नसलेल्याने मे महिन्यात हिवाळ्यातले ठोक्यांचे टप्पे जसेच्या तसे वापरू नयेत. प्रस्तुत लेखकाच्या मते, नव्या सायकलस्वाराने आधी छातीचा पट्टा घ्यावा. महाग यंत्रापेक्षा त्या स्वस्त पट्ट्यातून शरीराबद्दल अधिक कळते.

बॅटरी : २०० किमी.च्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तासांची मुदत असते, ६०० किमी.साठी ४० तासांची. कंपनीने सांगितलेले तास नकाशा बंद, सेन्सर कमी अशा स्थितीतले असू शकतात. नकाशा आणि दिवा चालू ठेवल्यास बरेच कमी भरतात. चालू असतानाच पॉवर बँकेवर चार्ज होते का, आणि त्या वेळी पावसात चार्जिंगचे तोंड उघडे राहते का, हे तपासावे. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची खूण. ती टोपण नीट बसलेले असेल तेव्हाची.

बसवणी : यंत्र पाव वळसा देऊन हँडलवरच्या माउंटमध्ये अडकवतात आणि त्याचे कान बहुधा प्लॅस्टिकचे असतात. धडगावकडच्या खड्ड्यांत ते तुटून यंत्र दरीत जाऊ शकते. डब्यात येणारी बारीक दोरी बहुतेक जण फेकून देतात. ती यंत्राला आणि हँडलला गाठ मारून बांधावी.