मागच्या चाकातले ऑइल सील

व्हॅन रात्रभर अंगणात उभी राहिली आणि सकाळी मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला काळसर ओघळ दिसला, की मिस्त्री एकच वाक्य बोलतो, "सील गेलं." वाक्य खरे असते, पण अर्धे. सील का गेले हे न शोधता नवे ठोकले, तर पोळ्याला बसवलेले सील दिवाळीलाच पुन्हा गळताना दिसते.

मारुतीच्या ओम्नी व्हॅनचे उत्पादन १९८४ ते २०१९ चालले. यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत ती अजून धावते, आणि तिच्या सोबतीला ईको. दोन्हींत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना मिळतो. म्हणून मागे डिफरन्शियल, म्हणजे तो जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी, त्यात गिअर ऑइल, आणि फिरता दांडा जिथे जिथे तेलाच्या घरातून बाहेर पडतो तिथे एक ऑइल सील.

लोखंडी कड्यावर रबर, रबराला पातळ ओठ, ओठाच्या पाठीवर बारीक गोल स्प्रिंग, एवढेच हे सील. ओठ दांड्याला घट्ट दाबून तेल अडवतो असे वाटते, पण कोरडा ओठ फिरत्या दांड्यावर थोड्याच वेळात जळून जातो. चालत्या गाडीत तो तेलाच्या थरावर तरंगतो. हा थर साधारण एका मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याचा केस त्याच्या पन्नासपट तरी जाड. मग तेल बाहेर का येत नाही? ओठाचा तेलाकडचा उतार उभा असतो आणि हवेकडचा निजलेला. या असमान उतारांमुळे दांडा फिरताना निसटू पाहणारे तेल परत आत ढकलले जाते. सील हा एक चिमुकला पंपच म्हणायचा. तो उलटा बसवला, तर तेल बाहेर ढकलतो. स्प्रिंगची बाजू नेहमी तेलाकडे.

ओम्नीचे १२ इंची चाक किलोमीटरला सुमारे ६०० फेरे घेते. १०,००० किलोमीटरला ६० लाख. इतक्या फेऱ्यांत ओठ दांड्यावर स्वतःची चाकोरी पाडतो. तिथे नख अडकले, तर नवे सील तिथेच बसवू नका. सीलच्या घरात जागा असेल तर ते एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवा, म्हणजे ओठाला कोरा पट्टा मिळेल. नाहीतर दांड्यावर स्लीव्ह, म्हणजे पातळ धातूची नळी, चढवा. पॉलिश पेपर मारायचाच असेल तर दांड्याभोवती गोल मारा. लांबीच्या दिशेने किंवा तिरके ओरखडे पडले, तर ते स्क्रूच्या आट्यांसारखे तेल बाहेर ओढतात.

आपल्याकडचा खरा चोर मात्र ब्रीदर. डिफरन्शियलच्या घरावर हवा आत-बाहेर जायला ही छोटी तोटी असते. पांदण रस्त्याची काळी माती तिच्यात बसून वाळली, की घर बंद डबा होते. बंद हवा ३० अंशांवरून ९० वर तापली, तर दाब सुमारे २० टक्के वाढतो. साधे सील दाब पेलायला बनलेलेच नसते. मग तेल ओठाखालून वाट काढते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. तापलेली गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सील पाणी आत ओढते. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर समजा पाणी शिरले. म्हणून सीलला हात लावण्याआधी ब्रीदर मोकळा करा. तेल लेव्हल प्लगच्या, म्हणजे पातळी पाहायच्या बुचाच्या, भोकापर्यंतच असावे. थोडे जास्त टाकलेले बरे, हा समज गळतीच वाढवतो.

रबराचे वय उन्हाने घटते. १० अंश जास्त तापमानाला ते साधारण दुप्पट वेगाने कडक होते, असा ढोबळ नियम आहे. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली पेटीत बंद असते. त्यामुळे मे महिन्यातल्या ४५ अंशांत पहिली झळ इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या फिरत्या दांड्यांच्या सीलना लागते. तिथले तेल या दोन दांड्यांना जोडणाऱ्या टायमिंग बेल्टवर उडू लागले, तर सीलसोबत बेल्टही बदला.

गळती नेमकी कुठली, हे आधी ठरवा. खालची बाजू डिझेलने धुवा, कोरडी करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि २०-३० किलोमीटर फिरून या. वाऱ्याने तेल मागे पसरते, म्हणून सर्वांत पुढची आणि उंच ओली जागा शोधा. गिअर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते. मागच्या चाकापाशी ते दिसले, तर दोष व्हील सिलिंडरचा, म्हणजे ड्रममध्ये ब्रेक शू ढकलणाऱ्या भागाचा.

ॲक्सलच्या, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, सीलसाठी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. तेल काढा, चाक आणि ड्रम उतरवा, ब्रेक प्लेटचे नट सोडा आणि स्लाइड हॅमरने, म्हणजे झटका देऊन ओढणाऱ्या सरकत्या हातोड्याने, ॲक्सल ओढा. ब्रेकचा पाइप सोडला असेल, तर शेवटी ब्रेकमध्ये शिरलेली हवा काढायला विसरू नका. ॲक्सल हाताने वरखाली हलवून पाहा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर नवे सील टिकणार नाही. जुने काढण्याआधी ते किती खोल बसले होते ते मोजा. नव्यावरचे आकडे जुन्याशी जुळवा. ३५×५०×८ म्हणजे दांडा, घराचे भोक आणि जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. ओठाला गिअर ऑइल चोपडा आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढा सॉकेट ठेवून चहूबाजूंनी सारखे ठोका. हातोडी थेट सीलवर मारली, तर कडे वाकते. ॲक्सल आत घालताना दांड्याचे दाते ओठाला लागू देऊ नका.

तेल प्यायलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन परत लावणे हा महागात पडणारा काटकसरीपणा. तापल्यावर मुरलेले तेल पुन्हा वर येते आणि गाडी ब्रेक मारताच एका बाजूला ओढते. शू दोन्ही चाकांचे बदला.

पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमध्ये पुढून जोर आणणाऱ्या गिअरच्या दांड्याचे, सील मात्र घरी करू नये. त्याचा नट अंदाजाने आवळला तर बेअरिंगवरचा ताण बिघडतो आणि डिफरन्शियल गुणगुणायला लागते.

काढलेले सील फेकण्याआधी बोटाने वाकवून पाहा. ओठ कडक होऊन भेगाळला असेल तर उष्णता, एकाच बाजूने झिजला असेल तर बेअरिंग किंवा तिरके बसवणे. आणि ओठ मऊ, शाबूत असतानाही गळत होते, तर पुन्हा ब्रीदरकडे जा.