स्तन कर्करोगाचा दूरप्रसार : मूलपेशी आणि पेशीसंवाद

स्तनातील मूळ गाठीपासून सुटलेल्या कर्कपेशी रक्तावाटे किंवा लसिकेवाटे हाडे, फुप्फुसे, यकृत, मेंदू अशा अवयवांत पोचतात आणि तेथे नव्या गाठी तयार करतात. या प्रक्रियेला दूरप्रसार (मेटास्टॅसिस) म्हणतात. या रोगातील बहुतेक मृत्यू दूरप्रसारामुळे होतात. मूळ गाठ क्वचितच जीव घेते. सुटलेल्या पेशींपैकी फारच थोड्या नव्या जागी रुजतात. ज्या रुजतात त्यांच्यात मूलपेशींसारखे (स्वतःसारख्या तसेच इतर तऱ्हेच्या पेशी निर्माण करण्याचे) गुण दिसतात आणि ते गुण बऱ्याच अंशी शेजारच्या पेशींशी चालणाऱ्या रासायनिक देवाणघेवाणीवर टिकतात, असे २००० नंतरच्या संशोधनावरून मानले जाते.

संज्ञा : जर्मन जीवशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी १८६८ मध्ये ‘श्टामत्सेले’ हा शब्द वापरला. ‘श्टाम’ म्हणजे झाडाचे खोड, तसेच वंशही. हेकेल यांना सर्व सजीवांची एकपेशीय पूर्वज अभिप्रेत होती. आजचा अर्थ नंतर आला. मराठीत ‘स्कंधकोशिका’ हा शब्द खोडाशी इमान राखणारा असला, तरी रुळला ‘मूलपेशी’च. कर्करोगाच्या संदर्भात मात्र तो थोडा फसवा आहे. ‘कर्करोगाची मूलपेशी’ म्हटले की रोग जिच्यापासून सुरू झाला ती पहिली पेशी, असा समज होतो. प्रत्यक्षात ही संज्ञा उगमाबद्दल काहीच सांगत नाही, ती वर्तनावर बेतलेली आहे. स्वतःसारखी पेशीही निर्माण करायची आणि गाठीतील इतर तऱ्हेच्या पेशींनाही जन्म द्यायचा, हे जिला जमते ती कर्क-मूलपेशी. दुसरा घोटाळा मेसेन्कायमल मूलपेशींबाबत होतो. या अस्थिमज्जेतील निरोगी पेशी असून गाठीत त्या पाहुण्या म्हणून येतात. पुढील विवेचनात दोन्ही येतात, पण त्या एक नव्हेत.

इतिहास : इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तन कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. (स्तनाग्राच्या ज्या विकाराला पॅजेट यांचे नाव आहे, तो त्यांचे वडील जेम्स पॅजेट यांनी वर्णिलेला.) यकृतात रोग २४१ जणींत आढळला, प्लीहेत अवघ्या १७ जणींत. दोन्ही अवयवांच्या रोहिण्या एकाच मुख्य शाखेतून निघतात, तेव्हा पेशी केवळ रक्तप्रवाहाने ढकलल्या जात असत्या तर एवढी तफावत पडली नसती. त्यावरून पॅजेट यांनी ‘बी आणि जमीन’ हे रूपक मांडले : बी सर्वत्र पडते, उगवते मात्र मानवणाऱ्या जमिनीत. १९२०च्या दशकात जेम्स ईविंग यांनी रक्तप्रवाहाची रचनाच निर्णायक असल्याचे मत मांडले आणि ते दीर्घकाळ टिकले. १९७०च्या दशकापासून आयझाया फिडलर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी पॅजेट यांची बाजू पुन्हा भक्कम केली. जवळच्या लसिका ग्रंथींपुरते ईविंग यांचे म्हणणे आजही लागू पडते. दूरच्या अवयवांचे कोडे त्याने सुटत नाही.

या रूपकातील ‘बी’ म्हणजे नेमकी कोणती पेशी, याचे पहिले ठोस उत्तर २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील मुहम्मद अल-हज, मायकेल क्लार्क, मॅक्स विशा व सहकाऱ्यांनी दिले. रुग्णांच्या गाठींतील पेशी त्यांनी पृष्ठभागावरील प्रथिनांवरून वेगळ्या केल्या. सीडी४४ असलेल्या आणि सीडी२४ नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या सुमारे १०० पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या स्तनमेदात टोचल्या तरी गाठ धरे. इतर प्रकारच्या हजारो पेशी टोचूनही ती धरत नसे. शिवाय नव्या गाठीत मूळ गाठीतील सर्व तऱ्हेच्या पेशी पुन्हा दिसत. २००७ मध्ये एएलडीएच१ या विकराची खूण त्यात जोडली गेली. या दोन खुणांनी निवडलेले गट एकमेकांशी अंशतःच जुळतात. खूण म्हणजे मूलपेशी नव्हे, याचे भान नंतरच्या लेखनात नेहमीच राखले गेले आहे असे नाही.

आक्षेप : मुख्य हरकत उंदरात पेशी टोचून पाहण्याच्या कसोटीवरच आहे. २००८ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगावर अधिक दुर्बळ प्रतिकारशक्तीचे उंदीर वापरले, तेव्हा सुमारे चारांतील एक पेशी गाठ निर्माण करू शकली. म्हणजे दुर्मीळपणा काही प्रमाणात उंदराचाही गुण असू शकतो. स्तन कर्करोगाबाबत अधिक महत्त्वाचा ठरला तो २०११ चा निष्कर्ष : मूलपेशीचे गुण नसलेल्या पेशी आपोआप ते गुण मिळवू शकतात. त्यामुळे मूलपेशीत्व ही पेशीची जात नसून अवस्था आहे, हा पक्ष सध्या अधिक सयुक्तिक वाटतो. अवस्था म्हटली की ती कोण आणते व कोण टिकवते हा प्रश्न येतो आणि तेथे पेशीसंवादाचा संबंध पोचतो.

पेशीसंवाद : लगतच्या पेशींमधील सर्वांत थेट मार्ग म्हणजे गॅप जंक्शन. कनेक्सिन नावाच्या सहा प्रथिनांचे कडे एका पेशीच्या पटलात, तसेच दुसरे समोरच्या पेशीत. दोन्ही तोंडाला तोंड लावून बसली की नळी तयार होते आणि सुमारे १,००० डाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) पर्यंतचे रेणू इकडून तिकडे जातात. लोवेनस्टाइन व कानो यांनी १९६६ मध्ये दाखवले की निरोगी यकृतपेशींत विद्युत्‌प्रवाह शेजारी सहज पोचतो, यकृताच्या कर्कपेशींत पोचत नाही. तेव्हापासून कर्कपेशी म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणे सोडलेली पेशी, असे समीकरण बसले. मूळ गाठीपुरते ते पुष्कळदा खरे आहे, पण पुढची दोन उदाहरणे त्यात बसत नाहीत. २०१८ मध्ये इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व एचईआर२ हे तीनही नेहमीचे ग्राही (संदेश टिपणारी प्रथिने) नसलेल्या (ट्रिपल निगेटिव्ह) स्तन कर्करोगाच्या मूलपेशींत कनेक्सिन २६ वाढलेले आढळले. तेथे ते नळीचे काम न करता पेशीच्या आत नॅनॉग व एफएके या प्रथिनांशी संकुल बांधून पुनर्निर्मितीचा गुण टिकवते. दुसरे उदाहरण मेंदूतील. २०१६ च्या प्रयोगांत तेथे पोचलेल्या कर्कपेशी कनेक्सिन ४३ च्या नळ्या मेंदूतील ताराकृती आधारपेशींना (ॲस्ट्रोसाइट) जोडताना दिसल्या. त्यांतून सीजीएएमपी हा संदेशक रेणू आधारपेशीत जातो, आधारपेशी धोक्याचा इशारा समजून इंटरफेरॉन हे प्रतिकाराचे संदेशक प्रथिन सोडते आणि त्याच इंटरफेरॉनवर कर्कपेशी पोसली जाते, औषधालाही दाद देईनाशी होते.

संपर्काचा दुसरा प्रकार नॉच ग्राहींचा (शेजारच्या पेशीच्या स्पर्शाने जागी होणारी पृष्ठभागावरील प्रथिने), तर वाहत्या संदेशकांत डब्ल्यूएनटी हे प्रथिनांचे कुटुंब प्रमुख आहे. त्यातील पहिले जनुक १९८२ मध्ये उंदराच्या स्तनगाठीतच सापडले होते. मेसेन्कायमल मूलपेशींचे काम २००७ मध्ये उघड झाले : त्या कर्कपेशींत मिसळून उंदरांत टोचल्या असता सीसीएल५ हा संदेशक स्रवला आणि फुप्फुसांतील प्रसार वाढला. कर्कपेशी वेगळ्या काढल्यावर मात्र हा वाढीव जोर ओसरला. ‘अवस्था’ या पक्षाला याहून बोलका पुरावा क्वचित मिळेल.

हाडांतील देवाणघेवाण सर्वांत नीट उलगडलेली आहे. कर्कपेशी पीटीएचआरपी हे संदेशक प्रथिन सोडते, त्याने अस्थिजनक पेशी आरएएनकेएल हे दुसरे संदेशक प्रथिन निर्माण करतात, त्याने अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवतात आणि हाडात साठलेला टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक मोकळा होऊन कर्कपेशीला पुन्हा चेतवतो. डेनोसुमॅब हे औषध या चक्रातील आरएएनकेएल अडवते. लांबच्या संवादासाठी एक्झोसोम ही पेशीने बाहेर सोडलेली सूक्ष्म पुटी असते. २०१५ च्या अभ्यासात तिच्यावरील इंटेग्रिन प्रथिनांवरून ती फुप्फुसाकडे जाणार की यकृताकडे, हे ठरताना दिसले. कर्कपेशी येण्याआधीच जमीन नांगरली जाते ती अशी.

सुटण्याची रीत : अभिस्तर ऊतीतील (अवयवांना अस्तर किंवा आवरण देणाऱ्या थरातील) पेशी एकमेकींना चिकटून असतात, तो चिकटपणा सोडून ती फिरस्ती पेशी होणे, या बदलाला अभिस्तर-मेसेन्कायमल संक्रमण म्हणतात. या बदलातून मूलपेशीचे गुण येतात, असे २००८ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. परंतु २०१५ मध्ये उंदरांत या संक्रमणाशिवायही फुप्फुसात प्रसार होतो असे आढळले आणि २०१९ मध्ये चिकटवणारे ई-कॅड्हेरिन काढून टाकल्यावर प्रसार उलट घटला. रक्तात आढळणारे पेशींचे पुंजके, चिकटपणा न सोडताही प्रसार होतो, या दुसऱ्या मताला पोषक आहेत. २०१४ च्या प्रयोगांत उंदरांमध्ये पुंजक्याची रुजण्याची क्षमता सुट्या पेशीच्या २३ ते ५० पट भरली. पुंजका बांधून ठेवणारे प्लाकोग्लोबिन कमी केल्यावर प्रसारही कमी झाला. पूर्ण संक्रमणापेक्षा अर्धवट संक्रमण झालेल्या पेशी अधिक धोकादायक, ही तडजोड बहुतेक संशोधकांना मान्य होत आहे.

उपचार व चाचणी : नॉच मार्ग रोखणारी औषधे मूलपेशींवर लक्ष्य धरून तपासली गेली. आतड्यातील निरोगी मूलपेशीही त्याच मार्गावर चालत असल्याने तीव्र जुलाब हा त्यांचा अडसर ठरला. रक्तातील कर्कपेशी मोजणारी ‘सेलसर्च’ चाचणी अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झाली. दूरप्रसार झालेल्या रुग्णाच्या ७.५ मिलि. रक्तात ५ किंवा अधिक पेशी आढळल्यास ते प्रतिकूल लक्षण मानतात. ही चाचणी पेशी पकडते ती ईपीकॅम या अभिस्तर प्रथिनावरून, त्यामुळे संक्रमण पूर्ण होऊन हे प्रथिन गमावलेल्या पेशी तिच्या मोजणीत येत नाहीत.