युरोपचं डेटा मंडळ तुमची तक्रार घेत नाही

गोव्यात हा सल्ला सर्रास मिळतो: पासपोर्ट पोर्तुगीज आहे ना, मग कोणी तुमचा फोन नंबर विकला की सरळ युरोपच्या डेटा मंडळाकडे तक्रार ठोका. सल्ला देणारा माणूस आपल्याकडचं, म्हणजे भारताचं डेटा संरक्षण मंडळ डोळ्यांसमोर ठेवून बोलत असतो.

आपलं मंडळ समजायला सोपं आहे. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू. आधी कंपनीकडे गाऱ्हाणं, तिथे दाद मिळाली नाही तर मंडळ. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

युरोपियन डेटा संरक्षण मंडळ यातलं काहीच करत नाही. ना तुमची तक्रार घेतं, ना कंपनीला दंड लावतं. ब्रुसेल्सच्या या मंडळावर देशोदेशींच्या डेटा नियामकांचे प्रमुख बसतात आणि त्यांचा हुकूम चालतो तो नियामकांवरच. डेटा कायदा (जीडीपीआर) युरोपियन संघाच्या २७ देशांना एकच, पण राबवणारे वेगवेगळे. मग एकाने कडक आणि दुसऱ्याने मवाळ वागायचं का? म्हणून कंपनीचं युरोपातलं मुख्य ठाणं ज्या देशात, तिथला नियामक पुढाकार घेतो आणि निर्णयाचा मसुदा इतर संबंधित नियामकांना दाखवतो. त्यांचे आक्षेप मिटले नाहीत, तर या कायद्याच्या कलम ६५ खाली मंडळ निवाडा देतं.

फेसबुकची माहिती अमेरिकेला पाठवण्याचं प्रकरण बघा. आयर्लंडच्या नियामकाच्या मसुद्यात दंडच नव्हता. इतर काही नियामक अडून बसले. मंडळाने आयर्लंडला बजावलं की दंड लावा, आणि मे २०२३ मध्ये आयर्लंडने मेटाला १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला. 'युरोपियन मंडळाचा मेटाला दंड' असे मथळे छापणाऱ्यांनी तो आदेश कोणी काढला तेवढं तरी बघावं.

राहता राहिला पासपोर्ट. त्याचा इथे काडीचा संबंध नाही. लिस्बनला राहणाऱ्याने पोर्तुगालच्या नियामकाकडे, म्हणजे सीएनपीडीकडे जावं. स्विंडनच्या गोंयकारांनी ब्रिटनच्या डेटा नियामकाकडे. ब्रिटन २०२० मध्येच युरोपियन संघातून बाहेर पडलं, तेव्हा या मंडळावर त्याची खुर्चीच उरलेली नाही. आणि मडगावात राहून मडगावच्याच दुकानदाराने नंबर विकला असेल, तर खिशात कुठलाही पासपोर्ट असो, कायदा भारताचाच.